जुन्या वाईनची अंगत-पंगत : पहिल्यांदाच बेत आखणाऱ्यांसाठी

वाईन जितकी जुनी तितकी उत्तम, हा समज आपल्याकडे इतका पक्का आहे की कुणाच्या तरी कपाटात पंधरा वर्षे पडून राहिलेली बाटली निघाली, की ती मोठ्या आदराने फोडली जाते आणि मग सगळे जण एकमेकांकडे पाहत बसतात. वस्तुस्थिती अशी आहे की जगात तयार होणारी बहुतेक वाईन दोन-तीन वर्षांत पिऊन संपवण्यासाठीच केलेली असते. वर्षानुवर्षे टिकण्यासाठी वाईनमध्ये मुळातच भरपूर आंबटपणा, तुरटपणा किंवा साखर असावी लागते; ते नसेल तर ती मुरत नाही, नुसती म्हातारी होते. म्हणून नवख्या मंडळींनी केवळ जुनी बाटली मिळवून भागत नाही. तिच्याच जातकुळीतली एक तरुण बाटली शेजारी ठेवावी लागते, कारण तुलनेला काही नसेल तर वयाने नेमके काय केले हे जिभेला कळण्याचा मार्गच उरत नाही. पुढील सर्व सूचना याच जोडीभोवती रचलेल्या आहेत.

जोडी निवडताना

पहिल्या बेतासाठी मी स्पेनच्या रियोहा प्रदेशातील लाल वाईन सुचवतो. फ्रान्समधील बोर्दो किंवा इटलीतील बारोलो यांची कीर्ती मोठी आहे, पण तेथील उत्पादक वाईन बहुधा तरुण असतानाच विकतात आणि मुरवण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर टाकतात. रियोहात जुनी प्रथा अशी की मुरवण्याचा बराचसा काळ उत्पादकच आपल्या तळघरात पार पाडतो आणि त्याची नोंद बाटलीवरील चिठ्ठीत वाचता येते. लाल वाईनच्या बाबतीत ‘क्रियान्झा’ म्हणजे किमान २ वर्षे मुरलेली, त्यातील किमान १ वर्ष ओकच्या पिंपात; ‘रेसेर्वा’ म्हणजे किमान ३ वर्षे, त्यातील १ वर्ष पिंपात; आणि ‘ग्रान रेसेर्वा’ म्हणजे किमान ५ वर्षे, त्यातील किमान २ वर्षे पिंपात. ही पिंपे २२५ लिटरची असतात आणि परंपरेने अमेरिकी ओकची, त्यामुळे जुन्या पद्धतीच्या रियोहाला व्हॅनिला आणि सुक्या खोबऱ्याकडे झुकणारा वास येतो, जो मराठी नाकाला परका वाटत नाही. मुख्य द्राक्ष टेम्प्रानिल्यो. ते लवकर पिकते म्हणून त्याला ‘लवकर’ या अर्थाच्या स्पॅनिश शब्दावरून हे नाव पडले. आपल्याकडे भाताच्या बाबतीत जिला हळवी जात म्हणतात, तसेच हे हळवे द्राक्ष.

तेव्हा एक अलीकडची क्रियान्झा आणि एक दहा-पंधरा वर्षांची ग्रान रेसेर्वा, शक्यतो एकाच उत्पादकाची, अशी जोडी जमवावी. रियोहातील आरो या गावात रेल्वे स्थानकाभोवतीच जुने कारखाने उभे आहेत. त्यांतील १८७७ साली स्थापन झालेला लोपेझ दे एरेदिया आणि १८९० सालचा ला रियोहा आल्ता हे दोघे आजही लांब मुदतीच्या वाईनसाठी ओळखले जातात. रियोहाच्या नियामक मंडळाने २००१, २००४, २००५ आणि २०१० ही साले सर्वोत्कृष्ट श्रेणीची ठरवलेली आहेत, त्यामुळे चिठ्ठीवर यांपैकी एखादे साल दिसले तर फार विचार करू नये.

जोडीच्या आधी एक पांढरी वाईन ठेवल्यास जेवण अधिक रंगते, आणि त्यासाठी जर्मनीतील मोझेल खोऱ्यातील, रीसलिंग नावाच्या द्राक्षाच्या जुन्या वाईनसारखी दुसरी वाईन नाही. तिला वयाबरोबर चक्क रॉकेलचा वास येऊ लागतो. हा दोष नसून त्या द्राक्षाच्या वार्धक्याची खूण आहे, हे पाहुण्यांना आधीच सांगून ठेवावे, नाहीतर कुणीतरी स्वयंपाकघरात जाऊन गॅस तपासतो. शेवटी गोडाबरोबर पोर्तुगालची २० वर्षांची टॉनी पोर्ट, म्हणजे पिंपात मुरलेली गोड आणि अधिक कडक वाईन. गोव्यात ‘पोर्ट वाईन’ नावाने जी स्वस्त गोड वाईन मिळते तिचा आणि या पोर्टचा संबंध नावापुरताच आहे. खरी पोर्ट दोउरु नदीच्या खोऱ्यातील द्राक्षांचीच असते, आणि त्या प्रदेशाची हद्द १७५६ पासून आखली गेलेली आहे.

माणसे, वर्गणी आणि दिवस

आठ माणसे हा आकडा सोयीचा आहे. ७५० मिलिलिटरची बाटली आठ जणांत प्रत्येकी नव्वद मिलिलिटरच्या आसपास येते, म्हणजे दोन वेळा थोडी थोडी ओतता येते, आणि जुन्या वाईनच्या बाबतीत ही दुसरी खेपच महत्त्वाची असते. बारा जण झाले की प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम साठ मिलिलिटर उरते आणि ज्याला समजायला वेळ लागतो तो रिकामा पेला घेऊन बसतो. खर्चासाठी आधीच वर्गणी काढावी आणि बाटल्या एकानेच ठरवाव्यात. पदार्थ मात्र अंगत-पंगतीच्या रीतीने प्रत्येकाने घरून आणावेत. उलटे केले, म्हणजे प्रत्येकाला बाटली आणायला सांगितले, तर चार वेगवेगळ्या देशांच्या असंबद्ध बाटल्या गोळा होतात आणि तुलनेचा विषयच संपतो.

दिवस ठरवताना दिनदर्शिका भिंतीवरून खाली काढून पाहावी. संकष्टी, एकादशी, कुणाचा गुरुवार, कुणाचा श्रावण, हे सांभाळले नाही तर आठातले तीन जण फक्त गप्पा मारायला येतात. ऋतूच्या दृष्टीने डिसेंबर-जानेवारीतील संध्याकाळ सर्वांत उत्तम. पाहुणे कायद्याने ठरवलेल्या वयाचे असावेत आणि परतीचा प्रवास स्वतः गाडी चालवत करणारा कुणी नसावा, एवढे दोन नियम आमच्याकडे कधीही शिथिल होत नाहीत.

बाटली घरी आल्यापासून पाहुणे येईपर्यंत

परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला २ लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येते, म्हणजे व्यवहारात ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या. आमची बहुतेक जोडी अशीच कुणाच्या तरी स्वेटरमध्ये गुंडाळून आलेली असते. मुंबई-पुण्याच्या मोठ्या दुकानांतही रियोहा मिळते, मात्र तेथे बाटली निवडताना तिने दिवस कसे काढले आहेत ते पाहावे. काचेच्या दर्शनी कपाटात दिव्याखाली उभी असलेली बाटली कितीही भारी असली तरी घेऊ नये. मी एकदा अशाच एका बाटलीच्या मोहात पडलो होतो. बूच किंचित वर सरकलेले दिसत असूनही मी ती घेतली, आणि आत जे निघाले ते वाईनपेक्षा शिळ्या मनुकांच्या काढ्यासारखे होते. वर सरकलेले बूच, बुचाजवळ सुकलेला चिकट ओघळ आणि बाटलीच्या खांद्याखाली उतरलेली पातळी ही उष्णतेने खराब झालेल्या किंवा गळलेल्या बाटलीची तीन लक्षणे आहेत.

वाईन वर्षानुवर्षे ठेवायची तर १२ ते १४ अंश सेल्सिअसच्या स्थिर तापमानात, अंधारात आणि आडवी ठेवावी लागते, जेणेकरून बूच ओले राहते आणि आक्रसून हवा आत शिरत नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ही सोय खास वाईनसाठीच्या शीतकपाटाशिवाय होत नाही, म्हणून ‘नाशिकची एखादी चांगली लाल वाईन घेऊन माळ्यावर टाकू, दहा वर्षांनी फोडू’ हा बेत करू नये. स्लॅबखालचा माळा ही घरातील सर्वांत गरम जागा असते. नाशिकची, किंवा सोलापूर जिल्ह्यातील अकलूजची एखादी राखीव लाल वाईन मुरवून पाहण्याची हौस असेल तर शीतकपाटाची व्यवस्था आधी करावी आणि बाटली मागाहून घ्यावी. हिवाळ्यातील दोन-चार आठवड्यांपुरती मात्र ऊन न लागणाऱ्या भिंतीकडील कपाटाची खालची फळी पुरेशी असते.

प्रवासातून आलेल्या जुन्या बाटलीला निदान दोन आठवडे विश्रांती द्यावी. लाल वाईनमधील तुरटपणा ज्या टॅनिनमुळे येतो, त्याचे रेणू वर्षानुवर्षे एकमेकांना चिकटून जड होत जातात आणि रंगद्रव्याला बरोबर घेऊन तळाशी बसतात. म्हणून जुनी वाईन कमी तुरट आणि कमी गडद असते, आणि म्हणूनच तिच्या तळाशी साका असतो. हा साका विषारी नसतो, पण कडवट आणि रवाळ असतो, आणि ढवळला गेला तर सगळी वाईन गढूळ करतो. तेव्हा जेवणाच्या दोन दिवस आधी ग्रान रेसेर्वा आडवी असेल तर हलक्या हाताने उभी करून ठेवावी आणि घरातील सर्वांना ती उचलून चिठ्ठी वाचण्यास मनाई करावी. आमच्या घरी त्या बाटलीच्या गळ्यात चक्क ‘हात लावू नये’ अशी पाटी बांधलेली असते.

लाल वाईन घरातील तापमानाला द्यावी, हा सल्ला युरोपातील थंड दगडी घरांचा आहे. पुण्यातील घर हिवाळ्यातही संध्याकाळी २४-२५ अंशांवर असते आणि त्या तापमानाला वाईनमधील अल्कोहोल नाकात चढते. जुन्या लाल वाईनला १६ ते १८ अंश मानवतात, त्यासाठी बाटली फ्रिजमध्ये उभीच अर्धा-पाऊण तास ठेवली की काम होते. रीसलिंग दुपारपासून फ्रिजमध्ये असावी, पण वाढण्यापूर्वी वीस मिनिटे बाहेर काढावी, कारण गारठलेल्या वाईनला वास उरत नाही. टॉनीही थोडी गारच बरी.

बूच काढणे आणि निथळणे

संपूर्ण बेतात हात थरथरण्याचा प्रसंग हाच. दहा-पंधरा वर्षांचे बूच वरून धड दिसले तरी आतून भुसभुशीत झालेले असू शकते, आणि नेहमीचा स्क्रू घाईने फिरवून ओढला की अर्धे बूच हातात येते व अर्धे गळ्यात राहते. दोन पातळ पात्यांचा चिमट्यासारखा एक ओपनर मिळतो, तो यासाठी सर्वोत्तम. त्याचे लांब पाते आधी आणि आखूड पाते नंतर, बूच आणि काच यांच्या मधल्या फटीत डुलवत डुलवत खाली सरकवावे, आणि पाती पूर्ण आत गेल्यावर ओपनर गोल फिरवत हळूहळू वर घ्यावा. हे हत्यार नसेल तर साधा स्क्रू मधोमध, सरळ आणि शक्य तितका खोल घालून, श्वास रोखल्यासारखा सावकाश ओढावा. माझ्या पहिल्या २००४ सालच्या बाटलीचे बूच तीन तुकड्यांत निघाले आणि चौथा आत पडला. पाहुण्यांसमोर मी शांत असल्याचा आव आणला, पण बनियन घामाने चिंब झाला होता. बूच आत पडले तरी काही बिघडत नाही. साबणाचा वास नसलेल्या, नुसत्या गरम पाण्यात उकळून वाळवलेल्या मलमलीच्या फडक्यातून वाईन गाळून घ्यावी, म्हणजे तुकडे अडतात.

बूच निघाल्यावर बाटलीच्या तोंडाचा आतला भाग कोरड्या फडक्याने पुसून प्रथम वास घ्यावा. पावसाळ्यात ओल धरलेल्या पुठ्ठ्याचा किंवा भिजलेल्या गोणपाटाचा वास आला, आणि पेल्यात ओतून दहा मिनिटे थांबल्यावर तो गेला नाही, उलट वाढला, तर ती वाईन बुचामुळे बाधली आहे असे समजावे. बुचातील बुरशीमुळे तयार होणारे एक रसायन अतिसूक्ष्म प्रमाणातही वाईनचा सगळा सुवास मारून टाकते. १९८१ साली स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी ते ओळखले. अशा बाटलीवर काही उपाय नसतो, आणि याच कारणासाठी क्रियान्झाची एक जादा बाटली घरात असावी.

आता निथळणे. मेणबत्ती किंवा मोबाईलचा दिवा टेबलावर असा ठेवावा की ओतताना बाटलीचा गळा त्याच्या उजेडावर येईल. बाटली हळूहळू कलती करून एका धारेत, मध्ये न थांबता, स्वच्छ काचेच्या सुरईत ओतत जावे. बराच वेळ वाईन माणकासारखी स्वच्छ वाहते, मग गळ्यापाशी धुरासारखी एक बारीक रेघ येते. ती दिसताच थांबावे. तळाशी दोन बोटे वाईन राहील, तिचा मोह सोडून द्यावा. आमच्या घरी लोणी कढवून तूप करताना बेरी खाली राहावी म्हणून आई जशी पातेले कलते धरून थांबत असे, तीच ही हाताची सवय आहे. जुनी वाईन हवेत फार वेळ टिकत नाही, तिचा सुवास तासाभरात ओसरू शकतो, म्हणून हे काम पाहुणे हात धुऊन बसायच्या बेताला करावे. तरुण क्रियान्झा मात्र तासभर आधी उघडून ठेवल्याने सैल होते.

खोली आणि पेले

त्या संध्याकाळी उदबत्ती नको, अत्तर नको, टेबलाजवळ निशिगंध नको, आणि मोगऱ्याचा गजरा असेल तर तो काही वेळ दुसऱ्या खोलीत राहू द्यावा. देवापुढची सांज आधी उरकून खिडक्या उघडाव्यात. पेले पातळ काचेचे, पोटाशी रुंद व तोंडाशी निमुळते असावेत आणि माणशी निदान दोन असावेत, कारण जोडी शेजारी शेजारीच ठेवायची आहे. कपाटातून काढलेल्या पेल्यांना लाकडाचा वास लागलेला असतो, तेव्हा ते आधी नुसत्या गरम पाण्याने धुवावेत. मध्यभागी एक तस्त ठेवावे. चव घेऊन थुंकणे हे आपल्याला असभ्य वाटते, पण चार वाईन चाखणाऱ्या माणसाला ते स्वातंत्र्य हवे.

चाखण्याची रीत

दोन्ही लाल बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांवर ‘क’ आणि ‘ख’ लिहावे. साल आणि किंमत डोळ्यांसमोर असली की जीभ आपोआप आदरशील होते. पॅरिसमध्ये १९७६ साली स्टीव्हन स्परिअर या ब्रिटिश वाईन-व्यापाऱ्याने फ्रेंच परीक्षकांपुढे अशाच झाकलेल्या बाटल्या ठेवल्या, तेव्हा लाल आणि पांढऱ्या दोन्ही गटांत कॅलिफोर्निया पहिला आला. ‘या वाईन मुरणार नाहीत’ असे त्यावर म्हटले गेले. २००६ साली त्याच लाल वाईन पुन्हा चाखण्यात आल्या आणि पहिला क्रमांक पुन्हा कॅलिफोर्नियाच्याच, १९७१ सालच्या रिज माँटे बेल्लोला मिळाला.

दोन्ही पेल्यांत साधारण पन्नास मिलिलिटर ओतावी. पांढऱ्या कागदावर पेला कलता धरून कडेचा रंग पाहावा: तरुण वाईनची कड जांभळट-लाल असते, जुनीची विटकरी किंवा जुन्या तांब्यासारखी. पांढऱ्या वाईनचा प्रवास याच्या उलट असतो, ती वयाबरोबर गडद होत सोन्याकडे जाते. नंतर वास, आणि तो आधी जुन्या वाईनचा, कारण ती बदलत जाणार आहे. पेला न हलवता एकदा आणि हलवून एकदा. क्रियान्झात चेरी, आळूबुखार, ताजे लाकूड सापडेल. ग्रान रेसेर्वात फळ सुकलेले असते, म्हणजे अंजीर, मनुका. आणि त्यामागे कोल्हापुरी चपलांच्या दुकानात शिरल्यावर येतो तसा कमावलेल्या चामड्याचा, तंबाखूच्या पानाचा, ओल्या पाचोळ्याचा वास. इंग्रजी पुस्तकांतील ब्लॅककरंट आणि हनीसकल शोधत बसू नये; ज्याला जे आठवते ते त्याने लिहावे. आमच्यातील एकाने ‘आजोबांच्या कोटाचा खिसा’ असे लिहिले होते आणि त्याहून नेमके वर्णन मी अजून ऐकलेले नाही.

मग छोटा घोट, तो तोंडभर फिरवून. जांभळे खाल्ल्यावर जीभ जशी खरखरीत होते तसा तुरटपणा किती आहे, आंबटपणामुळे तोंडाला पाणी किती सुटते, आणि गिळल्यावर चव किती वेळ रेंगाळते, या तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे. सर्वांनी पाच मिनिटे न बोलता वहीत चार ओळी लिहाव्यात आणि मगच चर्चा करावी. हा नियम कडक वाटतो, पण पहिला मोठा आवाज ‘चॉकलेट’ म्हणाला की उरलेल्या सातांना चॉकलेटच लागते. प्रत्येक पेल्यात एक-दोन घोट जेवणासाठी आणि एक शेवटासाठी राखून ठेवावा.

ताटात काय असावे

माझ्या पहिल्या बेतात मी उत्साहाने तांबडा रस्सा केला होता. मिरचीच्या जाळाने वाईनमधील अल्कोहोल आणि कडवटपणा दोन्ही भडकतात. त्या रात्री ग्रान रेसेर्वा गरम, कडू पाण्यासारखी लागली आणि रस्स्याची मात्र तोंडभर स्तुती झाली. जुनी वाईन नाजूक असते, तिच्याशेजारी जेवणाने आवाज खाली ठेवायचा असतो. त्यानंतर आम्ही मटणाच्या अळणीकडे वळलो. हळद, आले-लसूण आणि मीठ एवढ्यावर मंद शिजवलेले मटण आणि वाटीत त्याचे पाणी, वर तिखटाचा थेंब नाही. मांसातील प्रथिने व चरबी टॅनिनला मऊ करतात, आणि जुन्या रियोहाचा चामडे-पाचोळ्याचा सूर त्या साध्या रश्श्यात जुळून येतो. शाकाहारी मित्रांसाठी लोण्यावर परतलेली अळंबी, किंवा मिरची जवळपास वगळून केलेले वालाचे बिरडे चांगले जमते. लाल वाईनबरोबर मासळी ठेवू नये, त्या संगतीत तोंडाला लोखंडी चव येते. सुरमईचा हट्टच असेल तर ती रीसलिंगबरोबर, तव्यावर नुसत्या मिठा-हळदीची.

लोणचे, लिंबाची फोड, चिंचेची चटणी आणि कच्चा कांदा ही मंडळी टेबलावर नकोत. आंबट पदार्थांपुढे वाईन मिळमिळीत होते आणि कांदा तर पुढचा अर्धा तास दुसरे काही कळू देत नाही. वाटीभर साजूक तूप, मऊ भाकरी किंवा साधा पाव, भाजलेले शेंगदाणे आणि पाण्याचे दोन तांबे मात्र अवश्य असावेत. टॉनीसाठी अक्रोड ठेवण्याची पद्धत आहे, पण जानेवारीत बेत केला असेल तर गुळपोळी करून पाहावी. तीळ, गूळ आणि तूप यांना त्या पोर्टमधील सुक्या मेव्याची आणि करपवलेल्या साखरेची चव जशी भेटते तशी ती कुठल्याही केकला भेटत नाही. टॉनीत अल्कोहोल २० टक्क्यांच्या घरात असते, तेव्हा माणशी साठ मिलिलिटर पुरेसे आहे.

वर्तमानपत्र जेवण झाल्यावरच सोडावे आणि त्यानंतर राखून ठेवलेला शेवटचा घोट पुन्हा घ्यावा. तासाभरात ग्रान रेसेर्वा बहुधा बदललेली असते, कधी खुललेली, कधी मावळलेली, आणि वहीतील पहिल्या चार ओळींशी ती ताडून पाहता येते. क्रियान्झा उरली तर बूच लावून फ्रिजमध्ये दोन दिवस राहते. जुनी वाईन मात्र दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये. साक्याची ती दोन बोटे गाळून रविवारच्या खिम्यात घालता येतात. जुन्या वाईनचा एक पेला रात्री न धुता तसाच ठेवावा आणि सकाळी चहाच्या आधी हुंगावा. वाळलेल्या काचेत चामड्याचा आणि अंजिराचा वास रात्रीपेक्षाही स्पष्ट सापडतो.